दोन नवे, दोन जुने

आमच्या मेहुण्याने सेकंडहँड ऑडी क्वाट्रो घेतली. १९८० साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात पहिली क्वाट्रो मांडली, त्या घराण्यातली; चारही चाकांना इंजिनाचा जोर पोचवणारी! आणि ह्या पठ्ठ्याने तिला पुढे दोन नवे टायर घातले. मागे भलत्याच कंपनीचे झिजलेले दोन तसेच ठेवले.

"चारांचे पैसे कशाला घालायचे, भावजी?"

अहो, हिशेब करा! नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल, ह्याच्या जुन्यांची ३. म्हणजे परिघात ३१ मिलिमीटरचा फरक. चाकाचा परिघ दोन मीटर धरला तर जुनी चाकं दर किलोमीटरला आठेक फेरे जास्त मारणार. पुणे-मुंबई दीडशे किलोमीटर, म्हणजे बाराशे! साध्या गाडीत हे खपून जातं. तिथे पुढच्या-मागच्या चाकांचं एकमेकांशी देणंघेणं नसतं. इथे दोघांच्या मध्ये डिफरन्शियल बसवलेलं. वळणापुरती तडजोड करायला नेमलेलं ते बिचारं, सरळ रस्त्यावरही अखंड मध्यस्थी करत बसतं. (सासू-सुनेमधल्या नवऱ्याला विचारा.) तापतं, झिजतं, मग दुरुस्तीच्या बिलापुढे टायरचे पैसे चिल्लर वाटतात.

त्यात पावसाळा. ओल्या घाटात झिजलेली मागची चाकं आधी घसरणार, आणि मागच्या सीटवर आमची ही नि पोरं! मी बसायला साफ नकार दिला. घरात दोन दिवस अबोला.

परवा मेहुण्याने एकदाचे मागचेही टायर बदलले.

तिसऱ्याच कंपनीचे.