काकांचा रिझ्युमे वाचलाय कधी?

तुमच्या कॉलेजच्या गेटवर जे काका बसतात, त्यांना तुम्ही रोज भेटता. आयकार्ड विसरलं की त्यांच्यापुढे गयावया करता, गाडी भलत्या जागी लावली की त्यांची बोलणी खाता. बूट चकचकीत, पाठ ताठ, उन्हातही टोपी जागेवर. ‘काका मिलिटरीतले दिसतात,’ एवढं आपल्याला लगेच कळतं. पण मिलिटरीत ते नेमकं काय काम करत होते, हे तुमच्यापैकी किती जणांनी विचारलंय?

मीही कधी विचारलं नव्हतं. माझा सख्खा मामा अशाच एका गेटवर जाऊन बसेपर्यंत.

मामा सातारा जिल्ह्यातला. ‘अपशिंगे मिलिटरी’ असं गावाच्या नावातच मिलिटरी असलेला हा जिल्हा, त्यामुळे तिकडे कुणी सैन्यात गेलं तर ती काही मोठी बातमी नसते. बारावी झाल्या झाल्या मामा भरती झाला. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये १७ वर्षं काढली आणि हवालदार म्हणून पेन्शनवर घरी आला. वय ३७. दोन मुलं शाळेत, डोक्यावर घराचं कर्ज. पेन्शन होती, पण दोन मुलांची शिक्षणं काही तिच्यात बसत नव्हती.

मामाने रिझ्युमे केला. एक पान. त्यावर लिहिलं होतं, ‘एसकेटी, एएससी, १७ वर्षे. चारित्र्य : अनुकरणीय.’ बस्स. पुण्याजवळच्या एका मोठ्या वेअरहाऊसमध्ये इंटरव्ह्यू होता. समोर एचआरचा मुलगा, तुमच्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठा.

‘एसकेटी म्हणजे?’

‘स्टोअरकीपर टेक्निकल, सर.’

‘ईआरपी सॉफ्टवेअरवर काम केलंय?’

‘नाही सर.’

‘ग्रॅज्युएशन?’

‘नाही सर.’

‘मग काका, सिक्युरिटीत जागा आहे. चालेल?’

कर्जाचा हप्ता थांबणार नव्हता. मामा ‘चालेल’ म्हणाला आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच वेअरहाऊसच्या गेटवर उभा राहून आत-बाहेर जाणाऱ्या ट्रकचे नंबर वहीत लिहायला लागला.

त्या दिवाळीत फराळ करता करता मी पहिल्यांदा विचारलं, ‘मामा, तू तिकडे करायचास काय?’ तो दोन तास बोलत होता. लडाखचे रस्ते हिवाळ्यात बर्फाने बंद होतात. त्यामुळे वरच्या जवानांचं पुढच्या कित्येक महिन्यांचं रेशन, रॉकेल, डिझेल उन्हाळ्यातच वर चढवावं लागतं. कोणत्या ठाण्याला काय आणि किती, कशाची मुदत आधी संपते, रस्त्यात किती फुटतं-सांडतं, कोणता ट्रक आधी सोडायचा, हा सगळा हिशेब त्याच्यासारख्या माणसांच्या हातून जायचा. ‘आणि हिशेब चुकला तर?’ मी विचारलं. मामा चकली मोडत म्हणाला, ‘चुकवायचा नाही. वर पोरं असतात.’

मी तेव्हा एस. वाय. बीबीएला होतो. सप्लाय चेनचा पेपर नुकताच देऊन आलो होतो. ज्या गोष्टींच्या व्याख्या मी पाठ करून लिहिल्या, त्या हा माणूस १७ वर्षं जगला होता. आणि ट्रक सोडण्याचा हिशेब ज्याला तोंडपाठ, तो आता ट्रकचे नंबर लिहीत होता.

सिक्युरिटीचं काम कमी दर्जाचं, असं मला अजिबात म्हणायचं नाही. प्रामाणिक काम आहे, जबाबदारीचं आहे. माझा आक्षेप आहे तो ‘मिलिटरी म्हणजे गेट’ या आपल्या डोक्यातल्या समीकरणाला. खासगी सुरक्षा संस्थांसाठीच्या २००५ च्या कायद्यातही गार्ड नेमताना माजी सैनिकांना प्राधान्य देता येईल, असं म्हटलंय. चांगलंच आहे. पण बाकीच्या कामांचं काय? सैन्य म्हणजे फक्त बंदूक नव्हे. तिथे रेडिओ आणि केबल सांभाळणारे आहेत, रणगाड्यांची इंजिनं उघडणारे आहेत, पूल बांधणारे, एक्स-रे काढणारे, शेकडो माणसांचा स्वयंपाक करणारे, पगारपत्रकं बघणारे आहेत. गेटवर उभं केलं की सगळे एकाच युनिफॉर्ममध्ये सारखे दिसायला लागतात.

देशात दरवर्षी साधारण ६० हजार सैनिक निवृत्त होतात. त्यातले बरेचसे पस्तिशी-चाळिशीतले. म्हणजे नोकरीची अजून २० वर्षं हातात असलेले. त्यांच्यासाठी सरकारी पातळीवर सोय आहे. केंद्राच्या ‘गट क’मध्ये १० टक्के आणि आपल्या राज्याच्या ‘क’ आणि ‘ड’ गटांत १५ टक्के जागा माजी सैनिकांना राखीव आहेत. प्रत्येक जिल्ह्यासाठी सैनिक कल्याण कार्यालयाची व्यवस्था आहे, राज्याचं माजी सैनिक महामंडळ ‘मेस्को’ पुण्यात आहे, संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय रोजगार मेळावे भरवतं. पण सरकारी जागा असून असून किती असणार? उरलेल्यांना खासगी कंपन्यांच्या दारात जावंच लागतं आणि तिथे सगळं त्या एका पानाच्या रिझ्युमेवर ठरतं.

तिथेच घोडं अडतं. पहिली अडचण भाषेची. ‘एसकेटी’ हा शब्द एचआरला कळत नाही आणि ‘इन्व्हेंटरी कंट्रोल’ हा शब्द मामाला सुचत नाही. दोघं एकाच कामाबद्दल बोलत असतात, पण दोघांनाही त्याचा पत्ता नसतो. त्या एचआरच्या मुलाला मी एकट्याला दोष देत नाही. त्याला कॉलेजात हे कुणी शिकवलंच नव्हतं.

दुसरी अडचण डिग्रीची. दहावी झालेल्या आणि किमान १५ वर्षं सेवा केलेल्या माजी सैनिकाला केंद्र सरकार ‘गट क’च्या राखीव जागांवर, जिथे तांत्रिक पात्रता लागत नाही तिथे, पदवीधराच्या जागेसाठी पात्र धरू शकतं. सरकारच्या नियमात हे बसतं, मग कंपनीच्या पोर्टलवर ‘ग्रॅज्युएट नाही’ म्हटलं की अर्ज पहिल्याच पायरीवर का गळतो? ती एक अट बदलायला पैसे लागत नाहीत. ‘पदवी किंवा सैन्यातला समकक्ष अनुभव’ असं जाहिरातीत लिहिलं की झालं.

तिसरी अडचण मला मामाचा सराव घेताना कळली. ‘तू काय केलंस ते सांग,’ असं म्हटलं की तो ‘आम्ही’वर जायचा. आम्ही माल चढवला, आम्ही रस्ता उघडला. ‘मी’ त्याच्या तोंडातून निघेचना. आपण प्रेझेंटेशनची एक स्लाइड केली तरी ‘मी प्रोजेक्ट लीड केला’ म्हणतो. इंटरव्ह्यू घेणाऱ्याला हा फरक माहीत नसेल, तर त्याला वाटणार की या माणसाने स्वतः काही केलेलंच नाही. खरं तर त्याने फक्त एक प्रश्न जास्तीचा विचारायला हवा, ‘त्यात तुमच्याकडे काय होतं?’

काही जण म्हणतात, सैन्यातली माणसं हुकमाची वाट बघतात, स्वतःहून काही करत नाहीत. रस्ता खचलाय, फोन लागत नाही, मागे वीस ट्रक उभे आहेत, अशा वेळी कुणाला विचारायचं असतं? उलट बाजूही खरी आहे. कॉर्पोरेटमध्ये साहेबाला ‘तुमचं चुकतंय’ सांगायचं, स्वतःचा पगार स्वतः मागायचा, २५ वर्षांच्या मॅनेजरच्या हाताखाली काम करायचं, हे फौजीला नव्याने शिकावं लागतं. सगळ्यांनाच ते जमतं असंही नाही. म्हणून मी ‘देशसेवा केली, आता नोकरी द्या’ असं म्हणतच नाहीये. दयेवर दिलेली नोकरी चार महिन्यांत दोघांनाही नकोशी होते. काम बघा, जमत असेल तर घ्या आणि घेतल्यावर पहिले सहा महिने सोबत एखादा जुना सहकारी द्या.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही अजून कॉलेजात, आम्हाला हे का सांगतोयस? दोन कारणांनी.

एक, हा प्रश्न आता काकांच्या वयाचा राहिलेला नाही, तुमच्याच वयाचा होतोय. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये आली आणि त्याच हिवाळ्यात अग्निवीरांची पहिली तुकडी प्रशिक्षणाला लागली. सेवा चार वर्षांची, त्यानंतर योजनेच्या मूळ नियमाप्रमाणे जास्तीत जास्त २५ टक्के जण सैन्यात राहणार. बाकीचे घरी येतील ते एकविशी-पंचविशीत, हातात सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन, पण पेन्शनशिवाय. निमलष्करी दलांत त्यांच्यासाठी आरक्षण जाहीर झालंय, तरी सगळे तिथे मावणार नाहीत. बारावीत तुमच्या बाकावर बसणारा, पहाटे ग्राउंडवर पळायला जाणारा तो मित्र आठवतोय? प्लेसमेंटच्या रांगेत तो तुमच्या शेजारी उभा असेल. त्यालाही गेटच दाखवणार का?

आणि दुसरं, अजून काही वर्षांनी त्या टेबलाच्या पलीकडे तुम्हीच बसणार आहात. कुणी एचआरमध्ये, कुणी टीम लीड, कुणी स्वतःच्या स्टार्टअपमध्ये. समोर ‘एसकेटी’ लिहिलेला कागद येईल तेव्हा काय विचारायचं, हे आत्ताच ठरवा.

तोपर्यंत हातात एक सोपं काम आहे. लिंक्डइनवर स्वतःला कसं मांडायचं, हे आपल्या पिढीला न शिकवता येतं. हेच कौशल्य गल्लीतल्या, नात्यातल्या एखाद्या माजी सैनिकासाठी दोन तास वापरा. सोबत बसा, विचारा, लिहून काढा. किती माणसं हाताखाली होती, कोणती यंत्रं हाताळली, कोणते कोर्स केले. सैन्यातले शब्द जसेच्या तसे ठेवू नका, काम सांगा. मात्र गोपनीय असेल त्याला हात लावू नका. कुठलं युनिट कुठे होतं, हे कंपनीला कळायची गरज नसते. एनएसएस आणि एनसीसीवाल्यांनी तर वर्षातून एक शनिवार यासाठी काढावा. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगवाल्यांना फायनल इयरचा प्रोजेक्ट सुचत नाहीये? अमेरिकेत ‘ओनेट’ नावाचा सरकारी माहितीकोश आहे. त्यात सैन्यातल्या कामाचा कोड टाकला की जुळणारे नागरी व्यवसाय समोर येतात. आपल्याकडच्या ट्रेडसाठी मराठीत, मोबाइलवर चालेल असं काही करून बघा.

मामाचा रिझ्युमे आम्ही दिवाळीच्या सुट्टीतच नव्याने लिहिला. ‘एसकेटी’च्या जागी आठ ओळी आल्या. पहिल्या दोन ठिकाणी तरीही नकार मिळाला. तिसऱ्या ठिकाणी, चाकणच्या एका छोट्या कारखान्यात, मालकाने त्याला इंटरव्ह्यूऐवजी थेट स्टोअरमध्ये नेलं आणि विचारलं, ‘यात काय चुकतंय?’ मामाने अर्ध्या तासात सात गोष्टी दाखवल्या. आज तो तिथे स्टोअर सुपरवायझर आहे. एक्सेल त्याला त्याच्या आठवीतल्या मुलीने शिकवलं आणि ज्या ईआरपीवरून त्याला गेटवर पाठवलं होतं, ते तो तीन आठवड्यांत शिकला.

येत्या २६ जानेवारीला स्टेटस जरूर ठेवा. पण उद्या सकाळी कॉलेजात शिरताना गेटवर एक मिनिट थांबा. आयकार्ड दाखवा आणि विचारा, ‘काका, तुम्ही तिकडे काय काम करत होता?’

पहिलं लेक्चर बुडालं तर बुडू दे.