हरवलेली मोहिनी

आमच्या यवतमाळच्या घरीं गेल्या महिन्यांत एक लहानसें वादळ झालें. शाळेच्या स्नेहसंमेलनांत धाकट्या नातीस मोहिनीचें काम मिळालें, आणि आमच्या वडील भगिनी आक्का यांनीं, "कुलीन घरच्या मुलीनें चारचौघांत कां नाचावें?" म्हणून घरांत अबोला धरला. पोर रडत आमच्याकडे आली. आम्हीं दोघींसही जवळ बसवून जी हकीकत सांगितली, तीच वाचकांपुढें ठेवतों.

सन १९१३ मध्यें दादासाहेब फाळके यांनीं 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हां तारामतीच्या कामास एकही स्त्री मिळेना. अखेर तें काम अण्णा साळुंके या पुरुषानें केलें. पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटांत मात्र दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, व त्यांची कोवळ्या वयाची कन्या कमला मोहिनी झाली. हिंदुस्थानांतील चित्रपटांच्या या पहिल्या नटी. हीच कमला पुढें कमलाबाई गोखले म्हणून रंगभूमीवर नांवाजली. नट चंद्रकांत गोखले यांच्या त्या मातोश्री.

कथा सर्वश्रुत आहे. भस्मासुर मोहिनीस भुलतो, तिच्यासारखाच नाचूं लागतो, आणि नाचतां नाचतां स्वतःच्याच मस्तकावर हात ठेवतो. शृंगाराच्या अनुकरणांतून हास्य उपजतें, हा भरतमुनींचा सिद्धांत समजावण्यास याहून सोपें उदाहरण आम्हांस वर्गांत कधीं सांपडलें नाहीं.

"मग तो चित्रपट दाखवा ना, आजोबा!" नात म्हणाली.

कोठून दाखवावा? त्याची प्रत आज उपलब्ध नाहीं. मूकपटांच्या काळांत या देशांत सुमारें १३०० चित्रपट निघाले. त्यांपैकीं उरले ते थोडके, तेही बहुधा तुकड्यातुकड्यांनीं. त्या फिती नायट्रेटच्या. चटकन् पेट घेणाऱ्या, उष्ण-दमट हवेंत कुजणाऱ्या. १९३१ सालीं 'आलम आरा' बोलूं लागल्यावर मुक्यांस कोण विचारतो? कित्येक फितींतील चांदी काढून घेण्यांत आली. पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तें १९६४ सालीं. तोंवर बहुतेक संपत्ति गेली होती.

आक्का बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्या आईनें लेकीला बरोबर नेलें, म्हणून निदान नांव तरी उरलें." संमेलनाच्या दिवशीं नातीच्या वेणींत गजरा त्यांनींच माळला.

वाचकांस एकच विनंती. माळ्यावर एखादा जुना पत्र्याचा डबा व त्यांत फीत आढळल्यास ती दिव्याजवळ नेऊं नये, मोडींतही घालूं नये. पुण्याच्या संग्रहालयास कळवावें. कोणाच्या घरीं काय दडलें असेल, कोणीं सांगावें!