मुलांच्या मनाचे आजार : उपचार घराजवळच हवेत

मुलाला ताप आला की आई त्याच दिवशी दवाखाना गाठते. हात मोडला तर शेजारचा कोणीतरी मोटारसायकल काढतो. पण तेच मूल रात्र रात्र झोपत नाही, शाळेचे नाव काढताच पोट धरून बसते किंवा एकटेच पुटपुटते, तेव्हा घरात सहा-सहा महिने नुसती चर्चा चालते. कोणी म्हणते नाटके करतो, कोणी म्हणते वयच तसे आहे, कोणी म्हणते बाहेरचे काहीतरी आहे. मुलगी असेल तर लग्न लावून द्या, म्हणजे ठीक होईल, असा सल्लाही मिळतो. यात जो काळ जातो, त्याची किंमत ते मूल पुढे आयुष्यभर मोजते.

मनाचे आजार मोठ्यांनाच होतात, ही समजूत चुकीची आहे. जगभरातील १९२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार मानसिक आजारांपैकी जवळजवळ निम्मे अठरा वर्षांच्या आत आणि सुमारे ६२ टक्के पंचविशीच्या आत सुरू होतात. आपल्या देशातील २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ७.३ टक्के आढळले. साठ मुलांच्या वर्गात चार मुले, असा त्याचा हिशेब होतो. त्याच सर्वेक्षणाने असेही दाखवले की, निरनिराळ्या मानसिक आजारांच्या रुग्णांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत.

कोणती लक्षणे ओळखावीत?

लहान मूल 'मला उदास वाटते' असे सांगत नाही. ते चिडते, जेवण टाकते, पुन्हा अंथरूण ओले करू लागते. डोके आणि पोट वारंवार दुखते, पण तपासणीत काही सापडत नाही. बोलणे उशिरा येणे, नजरेला नजर न देणे, एका जागी दोन मिनिटेही न बसणे, हुशार असूनही अक्षरे न लागणे, याही दाखवून घेण्याच्याच गोष्टी आहेत. वयात आलेल्या मुलांत एकटे राहणे, अभ्यासात एकदम घसरण, हात पुन्हा पुन्हा धुणे, व्यसन, 'मी नसतो तर बरे' असे बोलणे, याकडे लक्ष द्यावे. सोळा ते पंचवीस या वयात कानात आवाज येणे, लोक आपल्याविरुद्ध कट करतात असे वाटणे, ही लक्षणे दिसली तर एक आठवडाही वाया घालवू नये. या आजारात उपचाराला जितका उशीर, तितके पुढचे सावरणे कठीण, हे आता सर्वमान्य आहे.

उपचारांची भीती अनाठायी आहे. मनोविकारतज्ज्ञ प्रत्येक मुलाला गोळ्याच देतात असे नाही. बऱ्याच मुलांना मुलाशी आणि पालकांशी बोलणे, घरातील वागण्याच्या पद्धतीत बदल आणि शाळेत थोडी सवलत, एवढ्यानेच फरक पडतो. जिथे औषध लागते तिथे ते झोपेचेच असते असे नाही. नैराश्यावरील औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा बरे वाटले म्हणून, ते मनाने बंद करू नये. 'शॉक देतील' या धास्तीने अनेक पालक येत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल न देता शॉक देण्यास बंदी घातली आहे, आणि अठरा वर्षांखालील मुलाला पालकांची संमती व मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची पूर्वपरवानगी असल्याशिवाय तो देता येत नाही. मुलाला दाखल करावे लागलेच तर त्याला मोठ्या रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते आणि घरचे माणूस सतत त्याच्याजवळ राहते.

भगत आणि टेकडी

आपल्या तालुक्यात दुखण्याची पहिली वर्दी अनेकदा भगताकडे जाते. तो गावातला, ओळखीचा, रात्री-अपरात्री उपलब्ध असतो. घरच्यांना धीर देणारे ते एक माणूस असते, हे मान्य केले पाहिजे. परंतु भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणे किंवा बांधून ठेवणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मनोरुग्णाला साखळीने बांधणेही २०१७ च्या कायद्याने निषिद्ध आहे. दर्शनाला जायचे त्यांनी जावे, पण त्यासाठी डॉक्टरची भेट पुढे ढकलू नये.

इगतपुरीत या विषयाला आणखी एक बाजू आहे. १९७६ पासून येथील टेकडीवर धम्मगिरी उभे आहे आणि देशोदेशीचे साधक तेथे येतात. मुलांसाठी तेथे आनापानाची लहान शिबिरे होतात. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने विपश्यना विशोधन विन्यासाबरोबर 'मित्र उपक्रम' सुरू करून आनापान शाळांतही नेले. निरोगी मुलाचे चित्त स्थिर होण्यास याचा उपयोग होत असेल तर ते चांगलेच आहे. मात्र 'डोके फिरल्यासारखे करतो, दहा दिवस शिबिरात घाला' हा सल्ला धोक्याचा आहे. हे आम्ही म्हणतो असे नव्हे, विपश्यना केंद्रांच्या नियमावलीतच तसे स्पष्ट लिहिलेले आहे. ही साधना वैद्यकीय वा मानसोपचाराला पर्याय नाही, आणि गंभीर मानसिक विकार असलेल्यांना ती सुचवली जात नाही. सत्यनारायण गोयंका स्वतः अर्धशिशीला कंटाळून आपल्या गुरूंकडे, सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा केवळ डोकेदुखी घालवायला यायचे असेल तर येऊ नका, असेच त्यांना सांगण्यात आले होते. ही हकिकत गोयंकाजी नेहमी सांगत. साधना शिकवणारे जो भेद इतक्या काटेकोरपणे पाळतात, तो आपणही पाळावा.

कायदा काय सांगतो?

खरी अडचण अंतराची आहे. महाराष्ट्रातील जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. आपल्याला जवळचे म्हणजे नाशिकचे जिल्हा रुग्णालय, तेही येथून पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर. घोटीच्या पलीकडच्या वाडीतून निघणाऱ्या आईला भाताच्या आवणीच्या दिवसांत एक मजुरी, दोन माणसांचे भाडे आणि सबंध दिवस खर्ची घालावा लागतो. अशी एक फेरी होते, क्वचित दुसरीही होते. मानसोपचाराला मात्र महिनोन् महिने फेऱ्या लागतात. पालकांनी उपचार सोडले असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा ते रस्त्यातच सुटलेले असतात.

२९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या याच कायद्याच्या अठराव्या कलमात यावर उत्तर आहे. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला, आणि त्यात मुलांचा स्पष्ट उल्लेख आहे, उपचारासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा तिच्या राहत्या जागेजवळ मिळावी, ही जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. मुलांसाठीच्या मानसिक आरोग्य सेवाही द्यायच्या आहेत. आवश्यक औषधांच्या यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वर सर्वत्र, कायम आणि मोफत मिळाली पाहिजेत. म्हणजे आपण जे मागतो ते उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून.

म्हणून मागणी साधी आहे. इगतपुरी आणि घोटीच्या ग्रामीण रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञांचा वार ठरलेला असावा आणि तो बाह्यरुग्ण विभागाच्या दाराशी ठळक लिहावा. वार चुकू नये, कारण एक वार चुकला की लांबून आलेली आई पुन्हा येत नाही. औषधे पुढच्या वारापर्यंत पुरतील इतकी असावीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांत दात, डोळे, वजन तपासतात. तेथेच झोप, वागणूक आणि अभ्यास यांचीही चौकशी व्हावी. आश्रमशाळेतील मूल आई-बापांपासून दूर असते. त्याच्यातील बदल प्रथम अधीक्षकांना आणि शिक्षकांना दिसतो, म्हणून त्यांना लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण मिळावे. रुग्ण कल्याण समितीत आणि ग्रामसभेत हा विषय मांडायला कोणाची परवानगी लागत नाही.

तोवर पालकांनी एवढे करावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल बदललेले दिसले तर न रागावता विचारावे, आणि जवळच्या सरकारी डॉक्टरांना आधी दाखवावे. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मोफत आणि मराठीत बोलता येते. मरणाची भाषा मुलाच्या तोंडी आली तर ती धमकी समजू नये. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके आणि औषधे कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा, तापात गाठतो तसाच.