परदेशातून आलेला तलाक

ओझरचे एक गृहस्थ काही दिवसांपूर्वी आपल्या मुलीला घेऊन आमच्याकडे आले. जावई आखातात नोकरीला. निकाह ओझरमध्येच झाला, त्यानंतर तो दोनदा सुट्टीवर येऊन गेला. गेली सव्वादोन वर्षे त्याच्याकडून एक रुपया नाही. मग एके रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्या आवाजातला निरोप आला. त्यात तीनदा तलाक. मोहल्ल्यातल्या बुजुर्गांनी सांगितले, तलाक झाला. मुलगी इद्दतीला बसली. दीड महिन्याने नाशिकचे एक वकील म्हणाले, असा तलाक होतच नाही. इद्दत अर्धवट सुटली. मुलगी काहीच बोलत नव्हती. वडिलांनी मला एवढेच विचारले, "सर, माझी मुलगी आज लग्नाची आहे की तलाकशुदा?"

कायद्याचे उत्तर सोपे आहे: ती लग्नाची आहे. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शायरा बानो खटल्यात एका दमातला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला. २०१९च्या कायद्यात तर बोललेला, लिहिलेला किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून पाठवलेला असा तलाक निरर्थक असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. त्याच्याही आधी, मे २००२ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातील पूर्णपीठाने दगडू पठाण विरुद्ध रहीमबी या खटल्यात सांगितले होते की, तलाक दिला असे नवऱ्याने नुसते म्हणून भागत नाही. त्याला वाजवी कारण हवे, आधी समेटाचा प्रयत्न झालेला हवा आणि हे सगळे कोर्टात सिद्ध करावे लागते. निकाल आपल्याच महाराष्ट्रातला, पण तो आपल्या मोहल्ल्यांपर्यंत नीट पोहोचला नाही. तो पोहोचवण्याचे काम आपले होते.

हे उत्तर ऐकून त्या मुलीच्या चेहऱ्यावर समाधान दिसले नाही, आणि ते दिसावे तरी का? तलाक झाला नाही याचा अर्थ ती अजून त्याच माणसाची बायको आहे. तो येत नाही, पैसे पाठवत नाही, फोन घेत नाही. ती दुसरा निकाह करू शकत नाही, तो मात्र करू शकतो. पत्नीला अशी अधांतरी सोडू नका, अशी ताकीद सूरह निसामध्ये आहे. आपल्याकडे त्या आयतीची आठवण फक्त दुसऱ्या लग्नाची चर्चा निघाली की होते.

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. तेव्हापासून आपली चळवळ 'तलाक' या शब्दाशी भांडत आली. ते भांडण न्याय्य होते आणि कायद्यापुरते जिंकलेही गेले. पण शब्द निरर्थक ठरल्यावर बाईने पुढे काय करायचे, यावर आपण फार कमी बोललो. २०१९च्या कायद्यातल्या तीन वर्षांच्या तुरुंगवासाचा उपयोग इथे किती? नवरा देशाबाहेर आहे. गुन्हा नोंदवला की तो सुट्टीवर यायचेही टाळणार. त्याला शिक्षा व्हावी असे वाटणाऱ्या बहिणींचा हक्क मी नाकारत नाही, पण ओझरच्या मुलीला सूड नको होता. तिला सुटका हवी होती आणि मेहर.

सुटकेची वाट ज्या कायद्यात आहे, तो मुळात बेपत्ता नवऱ्यांमुळेच झाला. हनफी फिकहनुसार बेपत्ता माणसाची बायको जवळजवळ जन्मभर अडकून राही. ब्रिटिश काळात काही स्त्रियांनी निकाहातून सुटण्यासाठी इस्लामच सोडायला सुरुवात केली, तेव्हा उलेमा हादरले. देवबंदी परंपरेतले मौलाना अशरफ अली थानवी यांनी १९३०च्या दशकात आपली आधीची भूमिका बदलली आणि अशा स्त्रियांसाठी मालिकी मजहबची उदार तरतूद हनफींनीही घ्यावी, असे मांडले. त्यातून काझमींचे विधेयक आले आणि मुस्लिम विवाह विच्छेद कायदा, १९३९ झाला. 'शरियतमध्ये बदल होत नाही' असे आपल्याला ऐकवले जाते, तेव्हा हा इतिहास सांगायला हवा. बायका अडकल्या आहेत हे दिसल्यावर त्या काळच्या आलिमांनी दुसऱ्या मजहबचे दार ठोठावले होते.

या कायद्यानुसार नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसेल तर पत्नीला फस्ख मागता येतो. मात्र तो आखातात आहे हे माहीत असेल, तर हे कारण चालत नाही आणि इथेच पुष्कळ घरे फसतात. 'चार वर्षे थांबा' असा सल्ला मिळतो आणि कुटुंब थांबते. खरे तर नवऱ्याने दोन वर्षे खर्च दिला नाही, हे स्वतंत्र कारण आहे. तीन वर्षे वैवाहिक कर्तव्ये पाळली नाहीत, हेही. ओझरच्या मुलीची दोन वर्षे कधीच पूर्ण झाली होती. निकाह ओझरमध्ये झाला असल्याने दावा याच जिल्ह्यात लावता येतो. फस्ख मिळाला तरी मेहरवरचा हक्क जात नाही, हेही त्याच कायद्यात लिहिले आहे.

अडचण येते समन्सची. परदेशातल्या माणसाला टपालाने, कुरिअरने किंवा ई-मेलने समन्स पाठवण्याची सोय दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. समन्स बजावणीच्या हेग करारात भारत २००६ मध्ये सामील झाला, पण आखातातले सगळे देश त्यात नाहीत. कुवेत आहे, संयुक्त अरब अमिरात नाही. अमिरातीशी आपला १९९९चा वेगळा करार आहे. पण करार कोणताही असो, पत्ता लागतोच. मी विचारले, जावई कोणत्या कंपनीत आहे? वडील म्हणाले, "सौदीत आहे, एवढंच माहीत." मुलीकडे त्याच्या पासपोर्टची झेरॉक्ससुद्धा नव्हती. निकाहनाम्यावर त्याचा पत्ता होता तो मालेगावच्या भाड्याच्या खोलीचा. ती खोली त्या कुटुंबाने केव्हाच सोडली आहे.

काही नवरे तिथल्या कोर्टातून तलाकनामा आणतात. सौदीत २०१९पासून कोर्टाने तलाक नोंदवला की बाईला मोबाइलवर संदेश जातो. पण परदेशी निकाल आला म्हणजे सगळे संपले असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये नरसिंह राव खटल्यात अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातला एकतर्फी घटस्फोट मानायला नकार दिला. जोडपे हिंदू होते, पण आधार होता दिवाणी संहितेच्या कलम १३चा आणि ते कलम सगळ्यांना सारखे आहे. दुसऱ्या बाजूला ब्रिटन पाहा. इंग्लंडमध्ये उच्चारून पाकिस्तानात नोटीस पाठवलेला तलाक हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९८६ मध्ये अमान्य केला. एकाच जोडप्याचे लग्न एका देशात मोडलेले आणि दुसऱ्यात शाबूत, असे खरेच घडते. म्हणून बाईच्या हातात इथल्या कोर्टाचा हुकूमनामा असणे महत्त्वाचे.

खर्चासाठी मात्र थांबायला नको. पोटगीचा अर्ज पत्नी जिथे राहते त्या जिल्ह्यात करता येतो. पूर्वीचे कलम १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झाले आहे. ते मुस्लिम घटस्फोटितेलाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी पुन्हा स्पष्ट केले. नागपूरहून गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात २०२० साली ठरले, की पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी. अर्ज जितका उशिरा, तितके नुकसान.

अनिवासी भारतीयांच्या विवाह नोंदणीचे विधेयक २०१९ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये व्यापक कायद्याची शिफारस केली. कायदा अजून झालेला नाही, आणि तो होईपर्यंत जमातींनी हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. परदेशात नोकरी करणाऱ्या मुलाचा निकाह लावताना काझीसाहेबांनी निकाहनाम्यात पासपोर्ट क्रमांक, कंपनीचे नाव, तिथला पत्ता, ई-मेल आणि इथल्या एका जबाबदार नातेवाइकाची सही घ्यावी. मेहर उधार असेल तर रक्कम स्पष्ट लिहावी. नगरपरिषदेत विवाहाची नोंदणी व्हावी आणि निकाहनाम्याची एक प्रत मुलीच्या हातात असावी. वऱ्हाडी किती येणार यावर आपण तासभर घासाघीस करतो. या कामाला दहा मिनिटे लागतात. मुलाकडच्यांना राग येईल म्हणून कोणी विचारत नाही आणि जो मुलगा एवढ्यावर रागावतो, त्याच्याबद्दल मला तरी शंका येते.

ओझरच्या मुलीने पोटगीचा अर्ज केला आहे. फस्खच्या दाव्याची कागदपत्रे तयार होत आहेत. कंपनीचे नाव शेवटी तिनेच शोधले. नवऱ्याने जुन्या सुट्टीत भाच्याला दिलेल्या टोपीवर ते छापलेले होते.