चंदू सर नेमके कुणाचे?

क्रिकेटमध्ये आपला संघ कोणता, हे जामसांवलीच्या माणसाला विचारू नये. घरात बोलणं मराठी, सरकारी कागद हिंदीत. मोठं काम निघालं की गाडी नागपूरला जाते; दाखला काढायचा तर आधी छिंदवाडा होता, २०२३ पासून पांढुर्णा. त्यामुळे रणजी करंडक आला की आमच्या सौंसर भागात दोन तट पडतात. अर्धे म्हणतात विदर्भ आपला, अर्धे म्हणतात राज्य मध्य प्रदेशचं तर संघही तोच.

गंमत बघा, दोन्ही तटांना पहिला रणजी करंडक एकाच मराठी माणसाच्या हाताखाली मिळाला. चंद्रकांत पंडित. खेळाडू म्हणतात तसं, चंदू सर.

विदर्भाने १ जानेवारी २०१८ ला दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं आणि पहिल्यांदा करंडक उचलला. तो सामना झाला इंदूरच्या होळकर मैदानावर, म्हणजे मध्य प्रदेशाच्याच अंगणात! पुढच्या हंगामात सौराष्ट्राला हरवून विदर्भाने तो राखलाही. मग सर मध्य प्रदेशाकडे आले आणि २६ जून २०२२ ला बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशाने मुंबईला सहा गडी राखून हरवलं.

या विजयाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. एप्रिल १९९९ मध्ये याच मैदानावर मध्य प्रदेश पहिल्यांदा अंतिम सामना खेळला. कर्णधार होते पंडित. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेऊनही कर्नाटककडून ९६ धावांनी हार पत्करावी लागली. म्हणून २०२२ मध्ये त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा जो तो म्हणाला, तेवीस वर्षांची जखम भरली. अगदी सिनेमासारखं.

मला ही गोष्ट आवडते, पण पुरेशी वाटत नाही. १९९९ ते २०२२ या काळात हा माणूस जुनी जखम कुरवाळत बसला नव्हता. मुंबईला २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ अशी तीन विजेतेपदं आणि विदर्भाला दोन, इतकं काम त्याने मधल्या वर्षांत केलं होतं. शिवाय मैदानावर जिंकले ते यश दुबे, शुभम शर्मा, रजत पाटीदार. तिघांचीही त्या डावात शतकं. १९९९ मध्ये यांतला एक तान्हा होता, बाकीचे पाच वर्षांचे. त्यांना कुठली आली जुनी जखम? सरांचा सूड म्हटलं की या पोरांची मेहनत झाकली जाते, आणि प्रशिक्षकाचं रोजचं कामही.

आपल्याकडे एक समज घट्ट बसलाय. ज्याला खेळणं जमलं नाही तो शिकवतो. पंडितांकडे या नजरेने बघितलं तर हिशेब छोटा दिसेल : ५ कसोटी, ३६ एकदिवसीय सामने. यष्टिरक्षक असून पहिली कसोटी १९८६ मध्ये लीड्सला निव्वळ फलंदाज म्हणून खेळले, कारण ग्लोव्हज किरण मोरे यांच्याकडे होते. पण त्यांचे गुरू रमाकांत आचरेकर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. २०२२ च्या त्या अंतिम सामन्यात मुंबईचे प्रशिक्षक होते अमोल मुजुमदार, तेही आचरेकर सरांचेच शिष्य. अकरा हजारांहून अधिक प्रथम श्रेणी धावा करूनही भारताकडून एक सामना मिळाला नाही. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली २ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. आता सांगा, शिकवणं ही दुय्यम गोष्ट आहे का?

उलटा धडाही याच माणसाकडून मिळतो. पंडितांची शिस्त कडक. वेळ म्हणजे वेळ, शिबिरं लांबलचक. विदर्भ-मध्य प्रदेशच्या पोरांना ती लागू पडली. पुढे ते आयपीएलमध्ये कोलकात्याचे प्रशिक्षक झाले, तेव्हा तिथे खेळलेला नामिबियाचा डेव्हिड विसे नंतर उघडपणे बोलला, की जगभर खेळून आलेल्या माणसांना काय घालावं, कसं वागावं हे सांगणं रुचलं नाही. २०२४ मध्ये कोलकाता जिंकलं, पण जास्त कौतुक झालं मार्गदर्शक गौतम गंभीरचं. २०२५ मध्ये पंडित तिथून बाहेर पडले. मला यातून एवढंच समजतं, की शिस्त हे औषध आहे आणि औषध माणूस बघून द्यावं लागतं. ‘आमचे सर फार कडक’ असं म्हणून नुसत्या दराऱ्यालाच गुण समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पोरांना जोवर वाटतं की हा माणूस आपल्यासाठी राबतोय, तोवरच ती ओरडा खातात.

हे सगळं मी का लिहितोय? कारण आमच्या सौंसर-पांढुर्णा पट्ट्यात पोरं काही कमी नाहीत. संत्र्याच्या बागांमध्ये काम करून दणकट झालेले खांदे आहेत. नाहीत ती रोज संध्याकाळी मैदानावर उभी राहणारी माणसं. शाळेत पीटीचा तास गणिताला दिला जातो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. स्पर्धा आली की आठ दिवस आधी संघ निवडतात, नववा दिवस हरण्याचा.

आपल्या मंडळातले काही मित्र उद्या बी.पी.एड. करतील, काही गावातल्याच शाळेत लागतील. नातेवाईक विचारतील, ‘बस्स, मास्तरच झाला का?’ त्यांना खुशाल चंदू सरांची पाटी दाखवा : तीन संघ, सहा रणजी करंडक. आणि दुसऱ्या दिवशी पाचला मैदानावर हजर राहा. तुमची पोरं विदर्भाकडून खेळली काय, मध्य प्रदेशाकडून खेळली काय, आम्ही जामसांवलीकर दोन्हीकडे टाळ्या वाजवायला मोकळे आहोत.