अकरा गडी, पाच यार्ड

अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल सामना १ जुलै १८५९ रोजी पिट्सफिल्डला झाला. अ‍ॅमहर्स्टने विल्यम्सला ७३-३२ असं लोळवलं.

दहा वर्षांनी रटगर्स आणि प्रिन्स्टन अमेरिकन फुटबॉलला भिडले, तेव्हा एकेका बाजूला पंचवीस गडी होते. या झुंबडीला शिस्त लावली येलच्या वॉल्टर कॅम्पने. १८८० मध्ये गडी अकरा झाले. १८८२ मध्ये नियम आला: तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरका, नाहीतर चेंडू सोडा. मग मैदानावर दर पाच यार्डांना रेघाही आल्या.

हाडं मात्र मोडतच राहिली. १८९२ मध्ये हार्वर्डचे गडी पाचरीसारखी रांग करून येलवर धावून गेले. त्याच हार्वर्डच्या फ्रेड थेयरने बेसबॉलच्या कॅचरसाठी तारेच्या जाळीचा मुखवटा घडवून १८७८ मध्ये पेटंटही मिळवलं होतं.

कॉलेजच्या पोरांनी घडवलेल्या या दोन खेळांची कुळकथा यंदाच्या अंकात.