खोक्यावरचे तास

एलईडी बल्बच्या खोक्यावर ‘25,000 तास’ असे ठळक छापलेले असते. रोज सहा तास लावला तरी अकरा वर्षे झाली. आपल्या घरात अकरा वर्षे चाललेला एलईडी बल्ब कोणता, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. बहुतेकांचा त्याच्या कितीतरी आधीच मिचमिचू लागतो आणि एक दिवस उडतो. मग आपण ‘चायना माल’ म्हणून मोकळे होतो.

माल कुठलाही असो, मारते ती उष्णता. खोक्यावरचा आकडा सहसा चिपचा उजेड 70 टक्क्यांवर उतरायला किती वेळ लागेल यावरून काढतात. चिप खरोखरच चिवट असते. पण 230 व्होल्टचा प्रवाह तिला सोसेल असा करून देणारे सर्किट बल्बच्या बुडाशी कोंबलेले असते, आणि त्यात बऱ्याचदा एक छोटा कपॅसिटर असतो, आत द्रव भरलेला. तो द्रव आटला की खेळ संपला. अशा साध्या कपॅसिटरवर 105 अंश तापमानाला 2,000 तासांची हमी असते. तापमान दहा अंशांनी उतरले की आयुष्य साधारण दुप्पट होते. म्हणजे 85 अंशांवर 8,000 तास, 65 अंशांवर 32,000. भाग तोच, किंमत तीच. छताच्या बंद काचेच्या डोममध्ये बल्ब बसवणारे आपण हे तास स्वतःच्या हाताने कापत असतो.

कारखानदार ते आपल्याआधीच कापतो. चिप कमी लावायच्या आणि त्यांच्यातून प्रवाह जास्त सोडायचा, म्हणजे बल्ब स्वस्त पडतो. त्या एकामागून एक जोडलेल्या असल्याने एक जळली तरी सगळी माळ अंधारात. याच्या नेमके उलट करून दाखवलेले आहे. फिलिप्सने 2016 मध्ये दुबईच्या नगरपालिकेसाठी जाहीर केलेल्या दिव्यात चिप जास्त, प्रत्येकीवर भार कमी. तीन वॅटमध्ये जुन्या साठ वॅटच्या बल्बचा उजेड. आपल्याकडे त्याच उजेडाला सात-नऊ वॅट लागतात. तेव्हा टिकाऊ बल्ब करता येत नाही, ही सबब चालणार नाही.

सरकारी खरेदीत 2014 साली 310 रुपयांना पडणारा बल्ब 2016 मध्ये 38 रुपयांवर आला. विजेची बचत झाली, हे मान्यच. आता किमतीइतकाच हट्ट आयुष्यासाठी धरायला हवा. चिपचे तास नकोत. आतल्या सर्किटचे तास आणि ते किती तापमानाला मोजले, हे खोक्यावर छापण्याची सक्ती भारतीय मानक ब्युरोने करावी. तोवर बल्ब उघड्या होल्डरला लावा, बिल जपून ठेवा, आणि दुकानदाराकडून बल्बच्या बुडावर मार्करने तारीख घालून घ्यायला विसरू नका.